तक्त्यावर म्हैस ओळखतो, कट्ट्यावर 'भूभू' म्हणतो

राजारामपुरीकर:
मुलाचं वय २२ महिने. भिंतीवर प्राण्यांचा तक्ता आहे, एका कागदावर ३० चित्रं. 'म्हैस कुठंय?' म्हटलं की बोट बरोबर ठेवतो. कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर, जिथं म्हशी आणून समोर दूध काढून देतात, तिथं खरी म्हैस दिसली की मात्र 'भूभू'. उजळणी वाढवू का?

बालवाडीताई:
नको. त्यानं म्हैस नाही, तक्त्यावरची जागा पाठ केलीय. म्हशीचं दुसरंच चित्र दाखवा, लगेच कळेल.

पोस्टकार्डाएवढी ४ कार्डं करा. एका कार्डावर एकच प्राणी, फोटोत प्राण्यामागची पार्श्वभूमी रिकामी, आणि फोटोच हवा. डोळे मिचकावणारी गुलाबी म्हैस कट्ट्यावर भेटत नाही. म्हशीचे ३ फोटो ठेवा: बाजूनं, समोरून, बसलेली. कट्ट्यावर जाताना कार्ड न्या आणि म्हशीशेजारी धरा. तो आपणहून ज्याकडे बघतोय त्याचंच नाव घ्या. तो बादलीकडे बघत असताना 'म्हैस' म्हणालात, तर बादलीच म्हैस व्हायची.

शब्दवेडा:
यात मराठीची एक गोम आहे. 'म्हशीला बघ, म्हशीची शिंगं बघ' यात 'म्हैस' कानावर पडतच नाही. घोडा-घोड्याला, मासा-माशाला, तेच. आधी 'ही बघ म्हैस!' म्हणा. मूळ रूप, तेही वाक्याच्या शेवटी. विभक्ती मागाहून.

चार पायांचं ते सगळं 'भूभू' हे या वयात नेहमीचंच. 'चुकलं' म्हणू नका. 'ही म्हैस, शिंगं बघ' एवढं पुरे.

नवं नाव देताना एक ओळखीचं कार्ड, एक अनोळखी: कुत्रा आणि मुंगूस. 'मुंगूस दे' म्हटलं की नाव माहीत असलेलं सोडून मूल बहुधा दुसरं उचलतं. पण त्यावर फुशारू नका. १९७८ मध्ये सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी ३-४ वर्षांच्या मुलांना 'निळा नको, क्रोमियम ट्रे आण' असं सांगितलं; 'क्रोमियम' हा दुसऱ्या, शेवाळी ट्रेच्या रंगासाठी त्यांना नवाच शब्द. बहुतेकांनी बरोबर ट्रे आणला, पण काही दिवसांनी शब्दाची ओळख अर्धवटच उरली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी कुत्रा काढा, मुंगसाशेजारी खवल्या मांजर ठेवा आणि मग विचारा.

राजारामपुरीकर:
कार्डावर नाव लिहू का? आणि आजी 'म्हस' म्हणतात, त्याचं काय?

बालवाडीताई:
नाव मागच्या बाजूला, घरच्यांसाठी. त्याला अजून त्या रेघोट्याच. 'म्हस' चालतंय की! फक्त पहिले ८-१० दिवस सगळ्यांनी एकच म्हणा, मग आजींचंच का असेना.