मुंबई ते न्यूयॉर्क: खरे तास किती?

प्रश्न (सिडको, नाशिक): आईबाबा पहिल्यांदाच भावाकडे न्यूयॉर्कला चाललेत, जुलैमध्ये. तिकिटावर मुंबईहून रात्री 2 ला सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी 8 ला पोहोचणार, असं आहे. थेट विमान आहे, पण सहा तासांत कसं पोहोचेल? आईला मधुमेह आहे, इन्सुलिनच्या वेळा ठरवायच्या आहेत.

उत्तर 1: ताई, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे तिथले सकाळचे 8 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. प्रवास साडेपंधरा तासांचा. अंतर जवळपास 12,500 किमी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो. येताना मागून वारा मिळतो, त्यामुळे वेळ बराच कमी लागतो.

उत्तर 2: इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खालच्या सामानात गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. डोसच्या वेळा त्यांच्याकडूनच लिहून घ्या, अंदाजाने बदलू नका. माझ्या आईच्या वेळी आम्ही डब्यावर भारतीय वेळ मोठ्या अक्षरांत चिकटवली होती, तिला फार आधार वाटला.

उत्तर 3: जुलै म्हणजे कसारा घाटात धुकं, पुढे भिवंडीला ट्रकांची रांग. नाशिकहून संध्याकाळी 5 नंतर निघू नका. जेवण शहापूरला उरका.

सिडको: खूप आभार. आजच डॉक्टरांकडे जाते.