देवाच्या नावावर मतदान झालं होतं

‘घटनेत देवाचं नाव नाही, कारण तो विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही’ असं काही जण म्हणतात, ते बरोबर नाही. विचार आला होता आणि तो मांडणारा माणूस आपल्याच भागातून निवडून गेलेला. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे घटना समितीतले प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ला उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावे’ करा अशी दुरुस्ती सुचवली. समितीतल्याच पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं, बाबा रे, देवावर मत द्यायची वेळ आणू नका. आणखी एक सदस्य थाणू पिल्लै यांचा मुद्दा मला जास्त पटतो: मानायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, तिथे सक्ती कशाला? कामत अडून बसले, मतदान झालंच. बाजूने ४१, विरोधात ६८. म्हणजे एकतर्फीही नाही.

पण म्हणून ‘प्रार्थना घरात करा, रस्त्यावर नको’ हेही पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी इथे नागपुरात भरमैदानात लाखोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा जाहीरपणे वदवून घेतल्या. याहून सार्वजनिक काय असणार? दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाऊन बघा. रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या दुकानांत बुद्धाच्या मूर्तीशेजारीच राज्यघटनेच्या प्रती रचलेल्या असतात, आणि लोक दोन्ही घेऊन जातात. लोकांनी चौकात हात जोडावेत की, खुशाल. सरकारने जोडायला लावलं की मात्र माझी हरकत सुरू.