'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे पुढे की अलीकडे?

मंडळी, कामावरच्या इंग्रजीतल्या एका जोडीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे: 'ब्रिंग फॉरवर्ड' आणि 'पुश बॅक'.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. आमचा ग्राहक इंग्लंडमधला. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यांची मेल आली, की बुधवारचा डेमो दोन दिवस 'ब्रॉट फॉरवर्ड' केला आहे. मी टीमला सांगितलं, डेमो पुढे गेलाय, आता शुक्रवारी. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नवं निमंत्रण आलं ते थेट सोमवारी दुपारी एकला, आणि कॉल होता अडीचला, म्हणजे त्यांच्या सकाळी दहाला. बिल्ड, म्हणजे दाखवायची सॉफ्टवेअरची आवृत्ती, तयार नव्हता. माझ्या एका चुकीच्या अर्थामुळे चार मुलांना त्या दिवशी तोंडघशी पडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी येऊन शब्दकोश उघडला. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आधी घेणं. आपण ज्याला 'प्रीपोन' म्हणतो तेच. 'प्रीपोन' आपल्या भारतीय इंग्रजीत रुळलेला शब्द आहे, पण तिकडची माणसं सहसा 'ब्रिंग फॉरवर्ड'च म्हणतात.

चूक का झाली, यावर मी खूप विचार केला. मराठीत भविष्य पुढे असतं. पुढचा महिना, पुढच्या दिवाळीला. होऊन गेलेलं मागे: मागे एकदा, मागच्या मंगळवारी. लग्न पुढे ढकललं म्हटलं की ते लांबलं, यात कुणालाही शंका येत नाही. शाळेत 'फॉरवर्ड'चा अर्थ 'पुढे' असा पाठ केलेला, त्यामुळे मेल वाचताना डोक्यात आपोआप 'पुढे ढकलला' उमटलं. 'पुश बॅक'चं नेमकं उलट होतं. 'बॅक' म्हणजे मागे, म्हणून तारीख अलीकडे आली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ती लांबलेली असते.

गंमत अशी की खुद्द इंग्रजी बोलणारेही इथे अडखळतात. भाषा आणि मन यांचा अभ्यास करणाऱ्यांचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे: बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' केली, तर ती कोणत्या वारी? काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. 'मूव्ह'मध्ये आपण काळाकडे सरकतोय की काळ आपल्याकडे, हे कळत नाही. 'ब्रिंग'मध्ये मात्र कळतं.

म्हणून मी स्वतःसाठी एक खूण ठेवली आहे. 'फॉरवर्ड' आणि 'बॅक'कडे बघायचंच नाही, क्रियापदाकडे बघायचं. 'ब्रिंग' म्हणजे आणणे. आपल्याकडे आणलं, म्हणजे तारीख जवळ आली. 'पुश' म्हणजे ढकलणे. ढकललं, म्हणजे लांब गेली. त्यानंतर ही चूक माझ्याकडून झालेली नाही. आणि मेल लिहिताना मी तारीख-वार लिहितेच, नुसतं 'मूव्ह फॉरवर्ड' कधीच लिहीत नाही.

('पुश बॅक'चा आणखी एक अर्थ: विरोध करणं, मान्य न करणं. एस्टिमेटवर ग्राहक 'पुश बॅक' करतोय, म्हणजे त्याला आपला आकडा पटलेला नाही. तिथे तारखेचा संबंध नाही.)

आता मूळ मुद्दा. अप, डाऊन, ऑफ, आउट लागलेली ही क्रियापदं आपल्याला परकी वाटतात, पण हा खेळ आपण मराठीत रोज खेळतो. लिहून ठेव, लिहून घे, लिहून दे, लिहून काढ, लिहून टाक. लिहिणं एकच, पण पोलीस चौकीत 'लिहून द्या' आणि 'लिहून घ्या' यात किती फरक आहे बघा. इंग्रजीत 'राइट डाऊन' म्हणजे लिहून ठेवणं, 'राइट अप' म्हणजे सविस्तर लिहून काढणं, 'राइट बॅक' म्हणजे उत्तर पाठवणं, आणि 'राइट ऑफ' म्हणजे बुडीत खात्यात टाकणं. परभाषकाला 'करून टाक' आणि 'करून ठेव' यातला फरक समजावताना आपली जी दमछाक होते, तीच इंग्रजांची 'अप' समजावताना होत असणार.

त्यामुळे याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाचा मराठी जोडीदार शोधावा, असं माझं ठाम मत आहे. एका शब्दाचा अर्थ नको, आपण त्या प्रसंगी खरोखर काय म्हणतो ते हवं. 'फॉलो अप' म्हणजे पाठपुरावा, पण 'फॉलो थ्रू' म्हणजे तडीस नेणं. 'ब्रिंग अप' म्हणजे विषय काढणं, 'कम अप' म्हणजे विषय निघणं. 'टेक ऑन' म्हणजे अंगावर घेणं. 'सॉर्ट आउट' म्हणजे मार्गी लावणं. 'रॅप अप' म्हणजे आवरतं घेणं. माझा सगळ्यांत लाडका 'रन बाय': एखादी गोष्ट साहेबांना 'रन बाय' करायची म्हणजे एकदा त्यांच्या कानावर घालायची. रीतसर मंजुरी मागायची असं नाही, कानावर घालून त्यांना काय वाटतं ते बघायचं. या छटेसाठी इतका नेमका मराठी शब्द सापडल्यावर मला फार आनंद झाला होता.

तुमच्याकडेही अशा जोड्या असतील तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, मी चाकणला प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे 'ब्रेकडाऊन झाला', 'सेटअप लावला', 'फॉलोअप घेतला' असं सर्रास बोलतात. मग मेलमध्येही 'आय विल टेक फॉलोअप' असंच लिहितो. ते चुकतं का?

उत्तर:
दादा, मराठी बोलताना काहीच चुकत नाही. आपण ही क्रियापदं नाम म्हणून घेतली आणि त्यांना घेणे, लावणे, होणे जोडलं. अडचण परत इंग्रजीत जाताना होते, कारण आपलं 'घेणे'सुद्धा 'टेक' होऊन सोबत जातं. तिथे 'फॉलो अप' हेच क्रियापद आहे, वेगळं 'टेक' नको. माणसाकडे पाठपुरावा असेल तर पुढे 'विथ', मुद्द्याचा असेल तर 'ऑन'. आणि लिहिताना नाम असेल तर 'ब्रेकडाऊन' एक शब्द, मशीन बंद पडतं तेव्हा 'ब्रेक' आणि 'डाऊन' सुटे.

प्रतिसाद:
मी शाळेत संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त. तुमच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. 'हृ' हा एकच धातू घ्या. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार: नुसत्या उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे जातो. आणि वैदिक भाषेत हा उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शकत असे, मध्ये दुसरे शब्दही येत. इंग्रजीत 'कॉल द मीटिंग ऑफ' (मीटिंग रद्द करणं) यात 'ऑफ' शेवटी जातो, ते पाहून मला म्हणूनच परकं वाटत नाही. डॉ. जॉन्सन यांनीही 1755 मधल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, परदेशी माणसाला सर्वांत अवघड जातात ते हेच प्रयोग, असं नमूद केलं आहे.

उत्तर:
सर, मनापासून आभार. सुट्या उपसर्गाचं मला माहीत नव्हतं. यातच एक नियम सांगते, कारण आमच्या टीमला तो रोज लागतो. 'मीटिंग' हा शब्द 'कॉल' आणि 'ऑफ'च्या मध्ये किंवा नंतर, कुठेही चालतो. पण 'इट' असेल तर तो मध्येच: 'कॉल इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' कानाला खटकतं. 'लुक इंटू' (चौकशी करणं) यासारखी काही मात्र तुटत नाहीत, तिथे 'लुक इंटू इट'च.

प्रतिसाद:
'मी 2019 ला पास आउट झाले' असं मी मुलाखतीत म्हणाले, तर समोरची अमेरिकन बाई काळजीने बघायला लागली!

उत्तर:
कारण तिच्या कानाला ते 'बेशुद्ध पडले' असं लागलं. पण हा प्रयोग आपण हवेतून आणलेला नाही. खडकवासल्याच्या एनडीएत दर सत्राच्या शेवटी 'पासिंग आउट परेड' होते. लष्करी प्रशिक्षण पुरं करणं या अर्थाने तो ब्रिटिश इंग्रजीत आजही आहे. कॉलेजसाठी मात्र 'ग्रॅज्युएट' म्हणा. 'कोप अप विथ'चंही तेच, त्यातला 'अप' 'कीप अप विथ'मधून घुसला असावा. निभावून नेणं या अर्थी नुसतं 'कोप विथ' बरोबर.

'पुट अप विथ'साठी मी 'खपवून घेणे' धरलं आहे, पण मनाचं समाधान होत नाही. 'चालवून घेणे' जास्त जवळचं वाटतं का? 'खपवून घेणार नाही'मध्ये दरडावणी आहे, आणि इंग्रजीत नुसता सोसण्याचा सूरही असतो.