मदत हवी आहे: कुंडीत कुसळी उगवत नाहीये

नमस्कार. हसू नका, पण मला घरी कुसळी लावायची आहे. डोंगरावर फिरून आलं की ज्या गवताच्या शेपटीवाल्या बिया, म्हणजे कुसळं, मोज्यांत रुतून बसतात, तीच.

नोव्हेंबरात खारघरच्या डोंगरावर गेलो होतो. परत आल्यावर मी आणि भाचा गॅलरीत बसून मोज्यांतली कुसळं उपटत होतो. त्याने एक कुसळ पाण्याच्या वाटीत टाकलं, तर ते चक्क हळूहळू फिरायला लागलं! शेपटीचा पीळ सुटत गेला. पंख्याखाली वाळवलं की उलटं फिरून पुन्हा पीळ. त्या रात्री जेवणं साडेदहाला झाली.

नंतर वाचलं की बी जमिनीत शिरतं ते याच पिळामुळे. शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, त्यातलं कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेला. म्हटलं, भाच्याला हे मातीत होताना दाखवू.

डिसेंबरात कुंडीत नर्सरीची माती भरून बारा बिया टोकाकडून खोचल्या, शेपट्या वर. उदबत्त्या लावल्यासारखं दिसत होतं. रोज पाणी घालते. आता फेब्रुवारी संपत आला, एकही कोंब नाही. गॅलरी पूर्वेला आहे, ऊन अकरापर्यंत.

बिया मेल्या का? की माझं काही चुकतंय? आई म्हणते, "आम्ही कुसळं धरायच्या आत गवत कापून टाकायचो, आणि तू लावतेस!" तिच्याकडून मदतीची आशा नाही.

प्रतिसाद १
आईंना माझा पाठिंबा. आमच्याकडे मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरायचं हे.

प्रतिसाद २
ताई, बिया मेल्या नसाव्यात, झोपल्या आहेत. कुसळीचं ताजं बी सहसा लगेच रुजत नाही, काही महिने सुप्त राहतं. विचार करा ना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळलेलं बी एखाद्या अवकाळी सरीने उगवलं तर पुढचा उन्हाळा काढणार कसं? ते पावसाळ्याची वाट बघतं. उरलेल्या बिया कागदी पाकिटात कोरड्या ठेवा, जूनमध्ये लावा.

दुसरं म्हणजे रोजचं पाणी बंद करा. कुसळ सतत ओलं राहिलं तर पीळ सुटलेलाच राहणार. आत शिरायला भिजणं आणि सुकणं दोन्ही आलटून पालटून लागतं. शिवाय शेपटीला कशाचा तरी आधार हवा, खडा, काडी, शेजारचं गवत काहीही. नाहीतर बी जागच्या जागी गोल फिरत राहतं. शेपूट अडली की मग फिरणं टोकाकडे जातं आणि टोक मातीत घुसतं. टोकाजवळचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे आत गेलेलं बी सहज मागे येत नाही. मोज्यातून निघत नव्हतं तेही म्हणूनच. तेव्हा तुम्ही खोचू नका, खडबडीत मातीवर आडव्या टाका. गंमत तीच तर आहे! फ्रान्सिस डार्विनने, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या मुलाने, १८७६ साली अशा स्वतःला पुरून घेणाऱ्या बियांवर निबंध लिहिला होता.

उन्हाचं मात्र अवघड आहे. हे उघड्या माळाचं गवत, दिवसभर ऊन खाणारं. अकरापर्यंतच्या उन्हात उगवेल कदाचित, पण कुसळं धरायची खात्री देत नाही. गच्चीवर ठेवता आलं तर बघा. खत अजिबात नको. उगवलं तर मात्र बहुवर्षायू आहे, बुंधा धरून ठोंबा वाढत जातो. डोंगरावर वणव्यात वरचं सगळं जळलं तरी पावसात बुडातून फुटतं ते याचमुळे.

प्रतिसाद ३
गच्चीवर कुत्री येतात का बघा आधी. आमच्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात एक शिरलं होतं. बाहेरून नुसती सूज, डॉक्टरांनी चिरून काढलं. कुसळं काळी पडायच्या आत तुरे कापून घ्या.

धागाकर्ती
खूप आभार! म्हणजे मी दोन महिने झोपलेल्यांना रोज पाणी पाजत होते. पाणी आजपासून बंद. मोज्यातल्या अजून सात-आठ निघाल्या, त्या पाकिटात घातल्या. गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरींकडे, त्यामुळे कुत्र्यांचा प्रश्न नाही, सेक्रेटरींचा आहे. आता एकच: खडबडीत म्हणजे मुरूम मिसळू का? आणि कुंडीपुरता मूठभर मुरूम इकडे कुठे मिळेल? नर्सरीवाला पुन्हा तीच लाल माती गळ्यात मारतोय.