मदत हवी आहे: बाळाच्या मनगटावरचा चट्टा चोळला की फुगतो (मास्टोसायटोमा)

मंडळी, माझी लेक तीन महिन्यांची आहे. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मनगटाजवळ रुपयाच्या नाण्याएवढा पिवळसर-तपकिरी चट्टा दिसला. जन्मखूण असेल म्हणून सोडून दिलं. पण मालिशवाल्या मावशी तेलाने चोळायच्या, वर कढत पाणी, आणि चट्टा लालबुंद होऊन मोसंबीच्या सालीसारखा वर यायचा. एके दिवशी त्यावर चक्क पाण्याचा फोड! सासूबाई म्हणाल्या, "हिनं पोरीला भाजलं." मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. (त्यांची माफी मागायची राहिली आहे.)

एका दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणून मलम दिलं, दुसरीकडे म्हणाले कीडा चावलाय. तोवर आणखी दोन फोड. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पेनाच्या टोपणाने चट्टा हलकेच चार-पाचदा घासला. पाच मिनिटांत तो टम्म फुगला, बाजूची कातडी मात्र जशीच्या तशी. याला डॅरियरची खूण म्हणतात म्हणे. तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: मास्टोसायटोमा. मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत काम करणाऱ्या पेशी) एका जागी गोळा होतात, चोळलं-तापलं की हिस्टामिन (लाली-सूज आणणारं रसायन) सोडतात. बहुतेक मुलांचं वयात येईपर्यंत आपोआप ओसरतं, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

परवा मात्र दुपट्यात हात घासला गेला आणि चेहरा, छाती लाल झाली. पंधरा मिनिटं पोर किंचाळत होती. एवढ्याशा चट्ट्याने सगळं अंग लाल! डॉक्टर म्हणाल्या, असं होऊ शकतं. अ‍ॅलर्जीचे थेंब सुरू केलेत. धाप लागली किंवा निपचित पडली तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, कोडीनवाली खोकल्याची औषधं विचारल्याशिवाय द्यायची नाहीत.

पुढच्या आठवड्यात 14 आठवड्यांची लस आहे. ती टाळू नका, पण दिल्यावर तिथेच थोडा वेळ थांबा, असं सांगितलंय. कुणाच्या बाळाला असा एकच चट्टा होता का? लसीनंतर ताप आला तेव्हा चट्टा फुगला का? फोड येणं कितव्या महिन्यात थांबलं? आणि अंघोळ कशी घालता? मी कोमट पाण्यात हातानेच घालते, टॉवेल नुसता टिपते, पण सासूबाईंचं पालुपद चालूच आहे: "मालिश नाही तर हाडं कशी भरणार?" त्यांना काय सांगू?