एमकेव्हीला शिव्या देण्याआधी डबा उघडून बघा

पूर्णाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, 'एमकेव्ही म्हणजे पायरसीवाल्यांचा फॉरमॅट, सगळ्यांनी एमपीफोरच वापरावा.' डोकं फिरलं. अहो, दोन्ही व्हिडिओ फाईलीचे प्रकार, चित्र नि आवाज भरायचे नुसते डबे. टीव्हीला आतलं एच.२६५, म्हणजे चित्र दाबून भरायची पद्धत, पचत नाही आणि तुम्ही डब्याला ठोकता! एमपीफोरची अनुक्रमणिका, म्हणजे आत कुठं काय आहे ती यादी, बहुतेक वेळा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. गावच्या सप्ताहाचं कीर्तन कॉम्प्युटरवर घेत होतो, पावणेदोन तासांनी लाईट गेली. फाईल ३ जीबी जागा अडवून बसलेली, पण सेकंदभर चालंना. एमकेव्ही असतं तर लाईट जाईपर्यंतचं तरी हाती लागलं असतं.

मांजरातीर: तो 'एकजण' मीच. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. चित्र दिसतं, आवाज नाही, आत डीटीएस, त्या टीव्हीला न कळणारी आवाजाची पद्धत. समोरच्या म्हातारीला डबा-भाजी समजावत बसू का? एमपीफोर दिला की बहुतेकदा वाजतं, विषय संपला.

बिंदुसरा: ते सोडा, लग्नाच्या शूटिंगवाल्यांवर बोला. बहिणीच्या लग्नाची ६ जीबीची एकच फाईल, वर म्हणे 'तुमचा पेनड्राइव्ह खराब'. तीन बदलले! सगळे फॅट३२ या मांडणीचे, त्यात ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही, हे त्यालाच ठाऊक नाही.

मांजरातीर: माझा भाऊ शूटिंगच करतो. लोक शेवटचा हप्ता बुडवतात अन् वर फॉरमॅट शिकवायलेत.

बिंदुसरा: पैसे हळदीलाच दिलेत. पावती टाकू का इथं?

गोदाकाठ: भांडा निवांत. डीव्हीडीच्या कुलपाचं कुणीच बोलंना. भावानं अमेरिकेतून विकत घेतलेल्या डीव्हीड्या आणल्या. त्या रीजन १ च्या, म्हणजे अमेरिकेच्या विभागाच्या, आपला ५. प्लेअर घेईना. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलावा तर पाचच वेळा. डीव्हीडीची कॉपी रोखणारं सीएसएसचं कुलूप १९९९ सालीच फुटलंय. चोराला अडचण नाही, पैसे मोजणाऱ्याला आहे.

पूर्णाकाठ: फोडा की मग. २०१२ पासून कॉपीराइट कायद्यात असलं कुलूप फोडण्याविरुद्ध कलम ६५अ आहे, दोन वर्षांपर्यंत आत.

गोदाकाठ: अर्धंच वाचलंत. शिक्षा हक्कभंगाच्या हेतूनं फोडलं तर. कायद्यानं स्पष्ट मनाई नसलेल्या कामाला सूट तिथंच लिहिलीय.

पूर्णाकाठ: बरं, वकीलसाहेब. मांजरातीर, तुमच्या म्हातारीसाठी सांगतो: एफएफएमपेग या प्रोग्रामनं आवाज तेवढा एएसी या टीव्हीला चालणाऱ्या पद्धतीत करा, चित्राला हात लावू नका. काही मिनिटांचं काम.

मांजरातीर: केलं. वाजलं. पण फाईल एमपीफोरच केली, म्हणजे मीच बरोबर.

पूर्णाकाठ: एमकेव्हीच ठेवली असती तरी वाजली असती हो!

बिंदुसरा: आणि माझी ६ जीबी?

मांजरातीर: पेनड्राइव्ह घेऊन या, एक्सफॅट मांडणीचा करून देतो, त्यात मोठी फाईल बसते. तुमचा टीव्ही ते वाचंल का, ते टीव्हीलाच विचारा. पावती राहू द्या घरी.