'कोट करणे' आणि 'पॅराफ्रेज'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

कानामात्रा
इंग्रजी शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय, विषय असा की इंग्रजीत पेपर किंवा प्रबंध लिहिताना दुसऱ्याचं लिखाण कसं वापरायचं. पहिल्याच पानावर गाडी अडली. इंग्रजीत कोट, पॅराफ्रेज, समराइझ आणि साइट ही चार वेगवेगळी कामं. साइट म्हणजे संदर्भ देणे, समराइझ म्हणजे सारांश, इथवर ठीक. कोटला मी 'उद्धृत करणे' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'अवतरण देणे' केलं, वर शेरा की उद्धरण हिंदी आहे. आणि पॅराफ्रेजला काही सापडतच नाहीये. 'स्वतःच्या शब्दांत मांडणे' हे वर्णन झालं, शब्द नाही झाला. सुचवा काहीतरी.

पंतोजी
बाई बरोबर आहेत. चिन्हाला आपण अवतरणचिन्ह म्हणतो, उद्धरणचिन्ह नाही. त्या चिन्हाच्या आत जे असतं ते अवतरण. विषय संपला.

मधलीसुट्टी
असा कसा संपेल पंतोजी, आत्ता तर सुरू झालाय. 'उद्धृत' मराठीत कधीचं रुळलंय, कुठलाही जुना वैचारिक लेख काढा. 'उद्धरण' हे नाम हिंदी वळणाचं वाटतं एवढं मान्य. आमच्या घरी मात्र उद्धार एकाच अर्थाने चालायचा, आजोबा चिडले की समोरच्याच्या सात पिढ्यांचा करायचे, तोही संदर्भ न देता.

विसर्ग
उद्धृत हिंदी कसं काय? उद् अधिक हृत, सरळ संस्कृत संधी आहे. अवतरण म्हणजे खाली उतरणं आणि उद्धरण म्हणजे वर काढणं, मजा बघा. आणि हा तोच हृ धातू जो हरणात, अपहरणात आहे. इंग्रजीतला प्लेजरिझम, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण चोरणं, हा शब्द लॅटिनमधल्या माणसं पळवणाऱ्याच्या शब्दावरून आलाय, पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून खपवणाऱ्याला तो शब्द हाणला होता. म्हणजे रोमनांचंही अपहरणच. उपसर्ग बदलला की उद्धरणाचं अपहरण होतं, प्रहार-आहार-संहारवाला श्लोक आठवा.

मधलीसुट्टी
कुठला श्लोक, कुणाचा, पान नंबर? संदर्भाच्या धाग्यावर तरी संदर्भ द्या हो.

विसर्ग
पाठांतराला पान नंबर नसतो.

धुळाक्षर
अशा मुलांना मी इंग्रजी लेखन शिकवते म्हणून लिहिते. कोटला अवतरण म्हणा नाहीतर उद्धरण, काही बिघडत नाही, मुलं वर्गात कोटच म्हणतात. खरी गोची पॅराफ्रेजची आहे. मी मागे एकदा 'शब्दांतर' वापरून बघितला, भाषांतराच्या धर्तीवर. दिसायला सुबक शब्द, पण मुलांनी त्याचा अक्षरशः अर्थ घेतला. समजा मूळ वाक्य असं आहे: 'शहरं वाढली की पाणी लांबून आणावं लागतं आणि लांबून आणलेलं पाणी महाग पडतं.' शब्दांतर काय आलं, तर 'नगरं विस्तारली की जल दुरून आणावे लागते आणि दुरून आणलेले जल खर्चिक ठरते.' सांगाडा तोच, क्रम तोच, 'की' आणि 'आणिʼ सुद्धा जागच्या जागी. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी याला पॅचरायटिंग हे नाव दिलं, त्यांचं म्हणणं असं की ही दरवेळी लबाडी नसते, भाषा आणि विषय अजून पुरता हातात न आलेला माणूस असंच लिहितो. विद्यापीठं मात्र बहुतेक ठिकाणी याला चोरीतच धरतात, खाली संदर्भ दिला तरी. पॅराफ्रेज म्हणजे मूळ पान मिटून टाकायचं आणि मग सांगायचं: पाणी महागण्याचं कारण हा लेखक शहराच्या पसरण्यात शोधतो. बघा, 'लांबून आणणे' गेलं, पण मुद्दा राहिला, आणि तो कुणाचा आहे हेही वाक्यातच आलं. याला एका शब्दात काय म्हणणार?

पंतोजी
अन्वयार्थ.

धुळाक्षर
अन्वयार्थात तुमचं स्वतःचं मत शिरतं पंतोजी. पॅराफ्रेजमध्ये ते शिरलं तर मूळ लेखकावर अन्याय.

विसर्ग
'अर्थानुवाद' चालेल का? आणि ही फोड काही परकी नाही बरं का. राजशेखराच्या काव्यमीमांसा या संस्कृत ग्रंथात, म्हणजे दहाव्या शतकाच्या आसपास, शब्दहरण आणि अर्थहरण अशी वेगळी चर्चा आहे. कुठली उचल चालेल आणि कुठली नाही याचे प्रकार पाडलेत त्याने.

मधलीसुट्टी
अर्थानुवाद म्हटलं की पोरं गुगल ट्रान्सलेट उघडणार, लिहून घ्या. पॅराफ्रेजच ठेवा ना देवनागरीत. पेन, टेबल, बस चालतं आणि पॅराफ्रेजनेच काय घोडं मारलंय.

कानामात्रा
देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही पण मग मराठी पुस्तिका कशाला काढायची हा प्रश्न येतोच. बरं धुळाक्षर, कोटच्या बाबतीत मुलं सगळ्यात जास्त कुठे चुकतात? तो भाग अजून लिहायचाय.

धुळाक्षर
'की' वर. मराठीत 'तो म्हणाला की मी येतो' चालतं, 'की'नंतर बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं येतं, मी चा तो होत नाही, काळही बदलत नाही. मग मुलं इंग्रजीत लिहितात 'द ऑथर सेज दॅट आय डिसॅग्री', अवतरणचिन्ह नाही काही नाही, आणि असहमत नक्की कोण, लेखक की विद्यार्थी, ते कळायला मार्ग नाही. इंग्रजीत दॅट नंतर एकतर सर्वनाम बदला, नाहीतर चिन्हं घाला आणि बदललेला शब्द चौकटी कंसात टाका. हे एकदा मराठी वाक्य शेजारी ठेवून दाखवलं की डोक्यात बसतं. लांब उताऱ्याचे नियम त्यामानाने किरकोळ, एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन इंग्रजी पद्धती, त्यातल्या एपीएमध्ये ४० किंवा जास्त शब्द झाले की चिन्हं काढून वेगळा परिच्छेद आत सरकवून, एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त झालं की तसंच. ते पाठ करायची गरज नाही, बघून लिहायचं.

पंतोजी
पूर्वी 'इति' होता तेव्हा ही चिन्हं लागतच नव्हती. बोलणं संपलं, इति लावला, काम झालं.

मधलीसुट्टी
इति संपलं कुठे ते सांगतो, सुरू कुठे झालं ते नाही सांगत. अर्धंच चिन्ह आहे ते. त्यापेक्षा आपलं 'म्हणे' भारी. 'तो म्हणे आजारी होता', एका शब्दात हात झटकले. इंग्रजीत सेज, क्लेम्स, आर्ग्यूज यातून निवडत बसावं लागतं, आपल्याकडे क्लेम्स म्हणजे म्हणे.

धुळाक्षर
क्लेम्स दरवेळी म्हणे इतकं कुचकं नसतं हो. पण मुलं सगळीकडे सेज लिहितात त्याचं कारण तेच असावं, आपण सगळं 'म्हणतो'वर भागवतो. 'दाखवून देतो', 'सुचवतो', 'बजावतो' मराठीतही आहेत की.

विसर्ग
'तुका म्हणे' मधला म्हणे कुठे कुचका आहे? ती नाममुद्रा, शुद्ध श्रेयनिर्देश. साइटला खरं तर श्रेयनिर्देश हाच शब्द हवा, संदर्भ फार ढगळ आहे.

मधलीसुट्टी
मग 'हवाला' घ्या. सूत्रांच्या हवाल्याने, किती सुटसुटीत.

पंतोजी
हवाला फारसी-अरबी. शिवाय पैशाचा हवाला डोळ्यांसमोर येतो. विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत नको.

मधलीसुट्टी
'शिवाय' म्हणताय तेवढं बरंय, पण मग नको असलेले सगळेच काढायचे तर 'हरकत', 'फक्त', 'शाई', 'कागद' पण काढा. लिहिणार कशावर मग, भूर्जपत्रावर?

कानामात्रा
अहो पॅराफ्रेजचं काय ठरलं?

पंतोजी
ते बघू नंतर. आधी हे सांगा, तुमच्या पुस्तिकेच्या मसुद्यात 'उद्धृत' कसं छापलंय? कारण बहुतेक जण ध ला द न जोडता 'उधृत' लिहितात, आणि तसंच छापलं असेल तर बाईंनी खोडलं ते योग्यच केलं.

विसर्ग
आणि काही जण 'उध्दृत', आधी ध मग द. तो टाइप करणाऱ्यांचा घोळ, जुन्या फाँटमधून आलेला.

मधलीसुट्टी
फाँटचा नाही हो, हातानेही तसंच लिहितात लोक, मी वह्याच्या वह्या दाखवतो.